नावं माहीत नसलेल्यांचे आभार

आण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं. रात्री दहापासून उपाशी ठेवायचं आणि दुपारी सांगायचं, 'आज नंबर नाही.' कारण विचारलं की पुढच्या खिडकीवर पाठवायचे. विम्याची मंजुरी तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

शेजारच्या खाटेजवळचे गडहिंग्लजचे काका, तुम्ही डबा उघडून अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवलीत. वर खर्डा. 'खा पोरी, तू पडलीस तर म्हाताऱ्याकडं कोण बघणार?' रात्रपाळीच्या मावशी, आण्णांचे ओठ सुकले की तुम्ही ओल्या कापसानं पुसत होता. आणि कोल्हापूरच्या सीबीएस बसस्थानकाजवळचे रिक्षावाले दादा, भर पावसात फाईल पोहोचवून पैसे न घेताच गेलात. नंबर घ्यायचंही सुचलं नाही.

परवा आण्णा रंकाळ्यावर सगळ्यांना घेऊन बसले. नातवाच्या भेळेतला कांदा तेवढा उचलत होते (डॉक्टरांना कळवू नका). रविवारी घरी मटण झालं. तांबडा रस्सा बंद, म्हणून वाटीभर पांढऱ्यावर भागवलं. नारळाच्या दुधातला, खसखस लावलेला. वाटी बोटानं पुसून म्हणाले, "त्या गडहिंग्लजच्या पाव्हण्याला बोलवायला पायजे हुतं."

काका, वाचत असाल तर याच.