बाळंतिणीचे डोळे आणि बीपी

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला बाळंतिणीच्या डोळ्यांवरचा लेख वाचला. अर्धा लेख ‘मोबाइल बघू नका, वाचू नका’ यात गेला आणि उरलेला मायनस नंबरवाल्या मुलींना सिझरची भीती घालण्यात. नुसत्या नंबरासाठी सिझर लागत नाही, हे डोळ्यांचे डॉक्टर कधीचे सांगताहेत. बाळंतपणात जोर करताना डोळ्याच्या आतल्या पडद्यापुढे रक्त उतरू शकतं, पण तेही क्वचित, आणि बहुधा आपोआप जिरतं. रक्तदाबाबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही. धन्य आहे!

आमच्या सूनबाईंचं बीपी नऊ महिने नॉर्मल होतं. पाचवीच्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. घर बायकांनी भरलेलं, त्यामुळे निदानांना तोटा नव्हता. कुणी म्हणे मोबाइल, कुणी म्हणे कान बांधला नाही, वारं शिरलं. संध्याकाळी तिने विचारलं, “आई, लाइट गेले का?” लाइट लख्ख होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या बरोबर आकसल्या. “डोळे उत्तम आहेत, टेन्शन घेतलंय.” नाटक करतेय एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं. बीपी घ्यायचं सुचलं ते सिस्टरना. १७०/११०! मग मॅग्नेशियमची इंजेक्शनं, एमआरआय, सगळी पळापळ. बिघाड डोळ्यांत नव्हताच. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथे सूज होती. बाहुल्यांचं काम त्या भागातून चालतच नाही, म्हणून त्या बरोबर आकसल्या. हळूहळू दिसायला लागलं, देवाची कृपा आणि त्या सिस्टरची.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी असं चढू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लशींच्या तारखा होत्या, टॉनिकचं नाव होतं. आईचं बीपी पुन्हा कधी तपासायचं, याची ओळ नव्हती. तुमच्या लेखिकाबाईंनाही ती सुचू नये? बीपी १४०/९० किंवा वर म्हणजे जास्त, आणि डोकेदुखीबरोबर अंधुक दिसलं तर थेट दवाखाना, एवढं चौकटीत छापायला किती जागा लागते? शेजारी केसांच्या तेलाची पाव पान जाहिरात मावलीच ना.

आणि हो, डोळ्यांवरचा लेख फिकट गुलाबीवर पांढऱ्या अक्षरांत छापायची कल्पना कुणाची? मला तो भिंग लावून वाचावा लागला. शब्दकोडं तरी काळ्या शाईत ठेवा.

आपली,
एक सासू, मिरज