ठेव मोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "ठेव मोडतो, गाडीचं काय ते उरकून टाक." तेव्हा मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते आहे. ठेव मोडू नका. ती बाबांच्या गुडघ्यासाठी ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही. माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च मोठा आहे हे खरं, जुन्या गाडीच्या मानाने तर फारच. पण तो मला झेपेल.

आधी गाडी 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकली की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एकदम हिसका बसायचा. पुढे चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएमचा काटा वर जायचा आणि वेग तेवढाच. शेवटी गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. बाबा, ते ऐकून तुम्ही घाबरलात, पण आतलं नुकसान वाढू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटरच तसं करतो. मी टोचन लावून ओढूही दिली नाही, ट्रकवर चढवूनच नेली. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा ऑइलपंप चालत नाही, आणि अशात चाकं फिरली तर आतले भाग कोरडेच घासले जातात.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनरवर 'पी०७००' कोड आला आणि लगेच "पूर्ण गिअरबॉक्स बदला" असं सांगितलं. तो कोड फक्त एवढंच म्हणतो की गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघाड नोंदला गेला आहे. नेमका कोणता, ते पुढच्या कोडवरून कळतं. म्हणून मी दुसरीकडे गेले. तिथल्या मेकॅनिकने पांढऱ्या कागदावर गिअरबॉक्सच्या ऑइलचा थेंब टाकून दाखवला. नवं ऑइल बहुधा लाल असतं. आमचं काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. मग गिअरबॉक्सच्या खालचा ऑइलचा पॅन उघडला. त्यातल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असतोच, त्याची काळजी नसते. पण आमच्या पॅनमध्ये चमकणारे कण आणि गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेटच्या अस्तराचे काळे तुकडे होते. प्लेटा घसरून घसरून जळाल्या होत्या.

आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकात गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. हे ऑइल आयुष्यभर पुरतं असं खूप जण धरून चालतात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑइल साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, नाहीतर ८ वर्षांत बदलायला सांगते. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. वेळेवर ऑइल बदललं असतं तर कदाचित हा गिअरबॉक्स वाचला असता.

आई, तू विचारलंस, विकून का टाकत नाहीस? इंजिन आणि बॉडी उत्तम आहेत, आणि बंद गिअरबॉक्ससकट विकली तर जवळजवळ भंगाराचाच भाव येईल. भंगारातला दुसरा गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण तो कसा वापरला गेला ते कोण सांगणार? म्हणून आहे तोच खोलून दुरुस्त करून घेते आहे. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, बदलणार, आणि ऑइल कूलरही, कारण त्यात अडकलेला धातूचा कचरा नव्या प्लेटांनाही खाईल. अंदाजपत्रक आणि वॉरंटी दोन्ही लेखी घेतली आहेत. जुने भाग मला दाखवायचे, हेही ठरलंय.

बाबा, माझं हे बघून तुम्ही ऑटोमॅटिक घेण्याचा विचार सोडू नका. डाव्या पायाने क्लच दाबताना तुमचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. फक्त गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर परत या. ब्रेक दाबून 'आर' (रिव्हर्स) आणि 'डी' टाकून बघा, उशीर किंवा हिसका नको. मग चांगली तापेपर्यंत चालवा आणि पुन्हा तेच करून बघा, कारण बरेच दोष गरम झाल्यावरच उघडे पडतात. ऑइल बदलल्याची पावती मागा. आणि पैसे देण्याआधी पॅन व कोड तुमच्या मेकॅनिकला तपासू द्या. मालक नाही म्हणाला तर ती गाडी आपली नाही.

पण त्याआधी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्या. आई, तू त्यांच्या मागे लाग. तारीख कळली की मी रजा टाकते.

तुमची लेक