ट्रकचा खर्च सरकार ठरवते, भाडे कोण ठरवते? : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मालवाहू ट्रकच्या भाड्याचा पायाभूत हिशेब शासनाने जाहीर करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एक मालक-चालक आहे. एकच दहाचाकी ट्रक माझ्या नावावर आहे, त्याचा हप्ता मी भरतो आणि तो चालवतोही मीच. जाताना कारखान्याची साखर वाशीच्या बाजूला न्यायची आणि येताना कळंबोलीच्या लोखंड बाजारातून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींसाठी माल आणायचा, असा माझा नेहमीचा रस्ता आहे. जुलै २०२५ मधील वाहतूकदारांच्या संपात ई-चलनाविषयी पुष्कळ बोलून झाले असल्यामुळे तो विषय मी येथे घेत नाही. मला लिहायचे आहे ते भाड्याविषयी, कारण आमच्या धंद्यातील खर्चाच्या बहुतेक बाबी सरकारी कागदावर ठरतात आणि उत्पन्नाची एकमेव बाब मात्र ट्रान्सपोर्ट ऑफिसातील फोनवर ठरते.

प्रथम माझ्या वहीतील एका खेपेचा हिशेब मांडतो. जाताना १८ टन साखरेचे टनाला १,२०० रुपयांप्रमाणे २१,६०० रुपये आणि येताना तितक्याच लोखंडाचे टनाला ९५० रुपयांप्रमाणे १७,१०० रुपये, असे एकूण ३८,७०० रुपये भाडे होते. जाऊन-येऊन सुमारे ७६० किलोमीटर पडतात. भरलेली गाडी घाट धरून लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे १९० लिटर डिझेल लागते आणि लिटरला ९० रुपये धरले तरी त्याचे १७,१०० रुपये होतात. येतानाचे सगळे भाडे डिझेलनेच खाल्ले, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर आणि पुढे द्रुतगती मार्ग मिळून दोन्ही बाजूंचा टोल ६,४०० रुपयांच्या आसपास जातो. भाडे मिळवून देणाऱ्या एजंटांचे कमिशन १,८००, हमाली आणि वाराई (माल चढवताना-उतरवताना गाडीवाल्याकडून वेगळे घेतले जाणारे पैसे) १,६००, युरिया (धूर स्वच्छ करण्यासाठी गाडीत भरायचे द्रावण), वजनकाटा व पार्किंग ९०० आणि चार दिवसांचे माझे जेवणखाण १,२०० रुपये. हा खर्च २९,००० रुपये होतो आणि हातात ९,७०० रुपये राहतात.

महिन्याला अशा सहा खेपा झाल्या तर ५८,२०० रुपये सुटतात, आणि सहा खेपा म्हणजे महिना चांगला गेला. त्यातून बँकेचा हप्ता २३,७००, टायरसाठी बाजूला ठेवायचे ७,०००, दुरुस्ती व ऑईल ६,०००, विम्याचे ५,८०० आणि टॅक्स, पासिंग (गाडीची योग्यता तपासणी), परमिट यांचे २,५०० असे ४५,००० रुपये वजा जातात. उरलेले १३,२०० रुपये ही माझी मजुरी. क्लीनरचा पगार यात नाही, कारण क्लीनर मी ठेवलेलाच नाही. गाडीवर दुसरा चालक ठेवायचा म्हटले तर त्याला २०,००० रुपये पगार आणि वर भत्ता द्यावा लागेल, म्हणजे ज्या कामाचे मी दुसऱ्याला २०,००० दिले असते ते स्वतःच्या गाडीवर १३,२०० रुपयांत करतो आहे. पावसाळ्यात चारच खेपा मिळतात तेव्हा ३८,८०० रुपये सुटतात आणि खर्च ४५,०००च राहतो; ती ६,२०० रुपयांची तूट घरातून किंवा उसनवारीने भरून काढावी लागते. हप्त्यातील मुद्दल ही अखेर माझीच मालमत्ता आहे असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. परंतु कर्ज फिटेल तेव्हा गाडी जुनी झालेली असेल, आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावे लागते आणि जुन्या गाडीला चांगले भाडे द्यायला एजंट आधीच नाखूश असतो.

१९६१ च्या आयकर कायद्यातील एक आकडा या हिशेबाशेजारी ठेवण्यासारखा आहे. कलम ४४एई मध्ये २०१८ साली केलेल्या बदलानुसार १२ टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या ट्रकचे उत्पन्न टनामागे महिना १,००० रुपये गृहीत धरले गेले. माझी गाडी २८.५ टनांची आहे, म्हणजे कायद्याच्या अंदाजाने मी महिन्याला २८,५०० रुपये कमावतो. वर्षाचे ते ३,४२,००० होतात आणि त्यावर मला कर पडत नाही, त्यामुळे माझी तक्रार कराची नाही. सरकारने आमच्या उत्पन्नाचा आकडा गृहीत धरला आहे, पण तो मिळण्यासाठी भाडे किती असावे लागेल याचा हिशेब मांडलेला नाही, एवढेच निदर्शनास आणायचे आहे.

खर्चाचे तसे नाही. २० ते ४० टन वजनाच्या मालवाहू वाहनाचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विम्याचा हप्ता १ जून २०२२ पासून ४३,९५० रुपये असा अधिसूचनेने ठरला. राष्ट्रीय महामार्गावरील टोल दर वर्षी १ एप्रिलला बदलतो आणि गाडी भरलेली असो वा रिकामी, सारखाच कापला जातो. डिझेल जीएसटीच्या बाहेर ठेवले असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. मी महिन्याला १,१४० लिटर डिझेल जाळतो, म्हणजे लिटरमागे एक रुपया वाढला की माझ्या १३,२०० मधून १,१४० रुपये जातात. दोन टन माल जादा भर म्हणून एजंट आग्रह करतो, पण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे, आणि काट्यावर गाडी माझी उभी असते, एजंटाची नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रक आणि टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचे आम्ही स्वागतच केले. मात्र त्याच आठवड्यात एजंटाने 'आता टायर स्वस्त झाले, भाडे कमी करा' असे सुनावले. टायर महाग होत होते तेव्हा त्याला हे गणित सुचले नव्हते.

महोदय, भाडे ठरवणे हे सरकारचे काम नाही, ते बाजाराचे आहे, असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. परंतु २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि १ फेब्रुवारीपासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६, तर टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले. रिक्षा-टॅक्सीसाठी इंधन, वाहनाची किंमत, देखभाल आणि महागाई धरून भाडे काढण्याचे सूत्र आपल्याच विभागाकडे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ अन्वये राज्य सरकारला भाड्याबाबत, किमान आणि कमाल दोन्ही, निर्देश देता येतात, आणि त्या कलमात प्रवासी वाहनांबरोबर मालवाहू वाहनांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अधिकार कागदावर आहे, तो आमच्यापर्यंत आलेला नाही.

सक्तीचे किमान भाडे उद्याच लागू करा, असे मी म्हणत नाही. सक्ती केली तर पावती एका दराची आणि रोख दुसऱ्या दराची, हे आम्हीच करू. माल कमी आणि गाड्या जास्त असतील त्या दिवशी हप्त्याच्या धास्तीने कोणीतरी कमी भाड्यात गाडी लावतोच, आणि अशी मी स्वतःही लावली आहे. माझे मागणे त्याहून लहान आहे. दहाचाकी, बाराचाकी, चौदाचाकी अशा प्रत्येक प्रकारासाठी किलोमीटरमागे प्रत्यक्ष खर्च किती येतो, चालकाची मजुरी धरून, हे आपल्या विभागाने काढावे, डिझेलच्या दराप्रमाणे दर तीन महिन्यांनी सुधारावे आणि जाहीर करावे. मग निदान सरकारी महामंडळांच्या आणि सहकारी संस्थांच्या वाहतुकीच्या निविदा त्या आकड्याखाली मंजूर होऊ नयेत. आज निविदा घेणारा मोठा वाहतूकदार दर पाडून काम घेतो आणि ते पाडलेले भाडे माझ्यासारख्याच्या माथी मारतो.

या हिशेबात न दिसणारा सर्वांत मोठा खर्च थांबण्याचा आहे. मागील हिवाळ्यात नवी मुंबईतील एका गोदामाबाहेर मी माल खाली होण्याची वाट पाहत अडीच दिवस उभा होतो. तेथे शौचालय नव्हते, सावली नव्हती, आणि गाडी सोडून जावे तर ताडपत्रीखालच्या मालाची जबाबदारी माझी. त्या अडीच दिवसांचे हाल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, मागितले तेव्हा 'बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) लिहिले आहे का?' असा प्रश्न आला, आणि अर्थातच लिहिलेले नव्हते. त्या महिन्यात सहाच्या पाच खेपा झाल्या. एक खेप म्हणजे ९,७०० रुपये. माझ्या १३,२०० पैकी मागे काय राहिले ते आपण पाहू शकता. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनियमांत चोवीस तासांत परतणाऱ्या वाहनाला दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट शुल्क पडते, ही सवलतही अशा थांबण्यामुळे आम्हाला क्वचितच लाभते. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला टोलचा वार्षिक पास तर खासगी मोटारींसाठीच आहे.

वाराईचा विषय कामगार विभागाकडे जातो, हे मला माहीत आहे, तरी तो आपण मंत्रिमंडळात मांडावा. हमाल बांधवांशी आमचे भांडण नाही. १९६९ चा माथाडी कायदा आमच्यासारख्याच घाम गाळणाऱ्यांसाठी झाला आणि तो टिकलाच पाहिजे. परंतु माल ज्याचा आहे त्याने मजुरी भरल्यानंतरही गाडीवाल्याकडून वेगळी वाराई का घेतली जावी, हे कोणी समजावून सांगत नाही. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही आमची घोषणा जुनी आहे. तिची अंमलबजावणी करायला नवा पैसा लागत नाही.

शेवटची बाब भाड्याच्या थकणाऱ्या बाकीची. भरताना भाड्याचा काही भाग अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि उरलेली रक्कम पोच (माल मिळाल्याची सही) दिल्यावर मिळायची असते. पोच पोहोचली नाही, साहेब गावाला गेलेत, दोन पोती घट आली, अशा कारणांनी ती दीड-दोन महिने रखडते. फास्टॅगमधून टोल क्षणात कापला जातो आणि डिझेल पंपावर उधारी आता कोणी देत नाही. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचे आणि न दिल्यास व्याजाचे बंधन आहे, परंतु आठ हजारांच्या बाकीसाठी ज्याच्यावर दावा लावायचा, त्याच्याच ऑफिसात पुढचे भाडे मागायला जायचे असते. म्हणून ठरलेले भाडे, मोफत थांबण्याचे तास, त्यानंतरचा हाल्टिंगचा दर, हमाली कोणाची आणि बाकी देण्याची तारीख या गोष्टी प्रत्येक बिल्टीवर छापणे आपण बंधनकारक करावे. एवढे झाले तरी गोदामाच्या दारात दाखवायला माझ्या हातात काही कागद राहील.

गेल्या तीन वर्षांच्या माझ्या वह्या, डिझेलच्या पावत्या आणि फास्टॅगचे उतारे विभागाला तपासायला देण्यास मी तयार आहे. कळवल्यास पुढच्या खेपेला मंत्रालयात आणून देईन. गाडी कळंबोलीला लावून लोकलने यावे लागेल, कारण दक्षिण मुंबईत दिवसा अवजड वाहनांना बंदी आहे. तेव्हा सकाळची वेळ दिल्यास बरे होईल, संध्याकाळी गाडी भरायची असते.

आपला नम्र,
एक मालक-चालक,
जिल्हा कोल्हापूर