हंगेरियन नव्हे, रुमानियन

संपादक महोदय, नमस्कार,

रविवारच्या अंकात शाळकरी मुलांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राची बातमी छापलीत त्याबद्दल आधी थँक्यू, एरवी असल्या कार्यक्रमांना कोण विचारतंय. माझी मुलगी त्यात व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरातली बहीण) वाजवते, आणि व्हायोला म्हणजे काय हे नातेवाइकांना समजावण्यातच आमचं निम्मं आयुष्य गेलंय. पण ‘मुलांनी बार्टोकची हंगेरियन नृत्ये सादर केली’ हे चुकलंय हो. पीस होता ‘रुमानियन फोक डान्सेस’.

तसा गोंधळ व्हायला जागा आहे म्हणा. संगीतकार बार्टोक हंगेरियन, पण पहिल्या महायुद्धाच्या आधी तो मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड करणारा फोनोग्राफ घेऊन ट्रान्सिल्व्हेनियातल्या रुमानियन खेड्यांमधून हिंडला, तिथल्या फिडलवाल्यांच्या (फिडल म्हणजे गावाकडचं व्हायोलिन) आणि बासरीवाल्यांच्या चाली गोळा केल्या आणि 1915 मध्ये त्यातून हा पियानोचा पीस केला. तेव्हा ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीतच होतं म्हणून नाव होतं ‘हंगेरीतली रुमानियन लोकनृत्यं’. 1920 च्या तहात तो प्रदेश रुमानियाकडे गेला, बार्टोकचं जन्मगावही तिकडेच गेलं, आणि नावातली हंगेरी गळली. शिवाय रुमानियन संगीताच्या नादापायी त्याला मायदेशात ‘तुला देशप्रेम नाही’ असंही ऐकून घ्यावं लागलं. इतकं झाल्यावर आपण परत हंगेरियन म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

मुलांनी वाजवलं ते आर्थर विल्नर या संगीतकारानं फक्त तंतुवाद्यांसाठी केलेलं रूप. मला तर पियानोपेक्षा हेच बरं वाटतं, फिडलची चाल फिडलच्या घरी परत आल्यासारखी.

दुसरं म्हणजे बातमीतलं ‘सुमधुर सादरीकरण’. मुलीच्या सरांनाही रिहर्सलमध्ये हेच सांगून बघितलं, सुमधुर कशाला पाहिजे? पहिलं नृत्य काठीचं आहे (टिपऱ्या डोळ्यांपुढे आणू नका), एकटा तरुण नाचायचा आणि शेवटी लाथ थेट घराच्या छतापर्यंत! दुसरं कमरपट्ट्याचं. तिसऱ्यात जागच्या जागी नाचायचं, खाली एक स्वर धरून ठेवलेला आणि वर चालीत भैरवातल्या कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जावं एवढी उडी, आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. पाचवं म्हणजे रुमानियन पोल्का, त्यात तीन मात्रा आणि दोन मात्रा अशा मिसळतात की मोजत बसलात तर गेलातच, पायानंच कळायला पाहिजे. म्हणून माझं म्हणणं असं की मुलांना आधी उभं करून चार पावलं नाचायला लावा आणि मग बो (गज) हातात द्या. सर हसले, पण पुढच्या रिहर्सलला पोल्का खरंच पायांनी ठोकून घेतला आणि फरक पडला, तो कार्यक्रमात ऐकूही आला.

सगळा पीस जेमतेम सहा मिनिटांचा, त्यामुळे पुढच्या वेळी वार्ताहरानं तेवढा बसून ऐकावा ही विनंती. शेवटचं नृत्य बारीक पावलांचं, त्यात मुलं अशी सुसाट सुटली की डबल बेसवाला बिचारा सगळ्यांच्या नंतर एकटाच पोचला. ते छापलं नाहीत, त्याबद्दल मात्र मनापासून आभार.

— एका व्हायोलावालीचे बाबा, पुणे