आईचं कैलास लेणं: गुरुजींना आभाराचं पत्र

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले तेव्हा तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करू लागलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. वेरूळला जायचं आहे आणि बरोबर एखादं थकलेलं माणूस किंवा लहान मूल आहे, अशा कोणाच्याही हे उपयोगी पडेल. तुम्ही दिलेलं सगळं आमच्या एका घरातच राहिलं तर ते बरं नव्हे.

आईच्या शाळेच्या पुस्तकात कैलास लेण्याचं एक काळपट चित्र होतं. एका डोंगरातून अख्खं देऊळ कोरून काढलंय, हे वाचल्यापासून तिला ते बघायचं होतं. मग लग्न, नोकरी, आमची शिक्षणं, आजीचं आजारपण. सवड झाली तोवर एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि दुसरा कुरकुरायला लागलेला. "तुम्ही जाऊन या, मी फोटो बघीन," असं ती म्हणायला लागली होती. ते ऐकवत नव्हतं.

मी चौकशी केली तेव्हा सगळीकडून माहिती मिळाली ती तिकिटाची, अंतराची आणि 'न चुकता बघण्यासारख्या' ठिकाणांची. आतेभावाने तुमचा नंबर दिला. त्याच्या शाळेची सहल तुम्हीच वेरूळला न्यायचात, आणि निवृत्तीनंतरही तुमची पावलं तिकडे वळतात, असं तो म्हणाला. तुम्ही मात्र लेण्यांबद्दल अवाक्षर न काढता आधी आईबद्दल विचारलंत. सलग किती वेळ उभ्या राहू शकतात? पायरी चढताना जास्त त्रास होतो की उतरताना? कठडा नसेल तर भीती वाटते का? दुपारी पडायची सवय आहे का? मग भाचीबद्दल: वय काय, चित्रं काढते का, गोष्टी आवडतात का? उत्तरं लिहून घेत होतात, कागदाचा आवाज येत होता. एखाद्या जागेची आखणी तिथे येणाऱ्या माणसापासून सुरू करायची, हे मी तोवर कोणाला करताना पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी तुमचा नकाशा आला, हाताने काढलेला. त्यात लेण्यांपेक्षा बसायच्या जागा ठळक होत्या!

आमच्या सुट्ट्या रविवार ते मंगळवार जुळत होत्या. मंगळवारी वेरूळ बंद आणि सोमवारी अजिंठा, हे तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलंत. रविवारच्या गर्दीत आईला न्यायचं नाही, म्हणजे सोमवार. सकाळच्या गारव्यात चालायची लेणी, दुपारी कैलासासमोरच्या बागेत झाडाखाली विसावा, आणि ऊन कलल्यावर कैलास. कारणही सांगितलंत. ही सगळी लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला कोरलेली आहेत, त्यामुळे सकाळी तोंडावर सावली असते आणि उजेड आत शिरतो तो दुपारनंतर. बहुतेक लोक नेमके उलटे जातात, सकाळी आल्या आल्या कैलासात शिरतात, कारण ते दारासमोरच आहे. आम्हाला संध्याकाळचा तो पिवळा उजेड शिखराच्या वरच्या थरांवर चढताना दिसला तो केवळ तुमच्यामुळे.

अजिंठा तुम्ही सरळ खोडून टाकलंत. छत्रपती संभाजीनगर शहरापासून शंभरेक किलोमीटर, वर तिथला चढ. "ते वेगळ्या खेपेला. एका खेपेत दोन्ही केलं तर दोन्हींचं नुसतं नाव लक्षात राहतं." देवगिरीही तरुण पायांसाठी ठेवलात. इतकं खोडलेलं बघून मला आधी चुटपूट लागली होती. आज वाटतं, काय सोडायचं हे सांगणारा माणूस मिळायला भाग्य लागतं.

चौतीस लेणी आहेत, त्यातली तुम्ही आम्हाला मोजकी दिलीत. क्रमांक हे काळाप्रमाणे नाहीत, दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेल्यावर जसे येतात तसे दिलेले आहेत, हे तुम्ही सांगितलं नसतं तर भाचीने पहिलं लेणं सर्वांत जुनं असंच वहीत लिहिलं असतं. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा लेण्यात, छताकडे बघायला सांगितलंत. दगडात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. त्यांचा भार पेलण्याशी काही संबंध नाही. लाकडी बांधकामाची सवय झालेल्या हातांनी दगडातही तीच रचना उतरवली. लोक त्याला 'सुतार झोपडी' म्हणतात ते का, हे आईला तिथे बसल्या बसल्या कळलं. बारावं तीन ताल लेणं तिने खालून पाहिलं, वर आम्ही गेलो. पंधराव्या लेण्याच्या पायऱ्यांवर तुम्ही नकाशात लाल फुली मारली होती, म्हणून आई खालीच थांबली आणि आम्ही दोघी राष्ट्रकूट राजा दन्तिदुर्गाचा शिलालेख बघून आलो. जैन लेणी लांब आहेत, तिथे गाडीने जा म्हणालात. तिथलं तिसावं, छोटा कैलास, अर्धवट राहिलेलं आहे, आणि तुम्ही ते मुद्दाम कैलासाच्या आधी ठेवलंत. भाचीसाठी. पुरं झालेल्या कामात टाकी कुठून कशी चालली हे दिसत नाही, अपुऱ्या कामात दिसतं. संध्याकाळी मोठ्या कैलासात शिरताना तिच्या डोळ्यांसमोर पाथरवट होते. एरवी ती नुसती हत्ती मोजत फिरली असती.

आता कैलासाबद्दल लिहिते.

बाहेरून फारसं काही दिसत नाही, हे तुम्ही बजावलं होतं. गोपुराच्या भिंतीआड सगळं झाकलेलं. दारातून आत गेल्यावर समोर गजलक्ष्मी, आणि तिथेच थांबायचं नाही, डावीकडे वळून चौकात यायचं आणि मग मान वर करायची. आईने तसंच केलं. मी तिच्याकडे बघत होते. ती काही बोलली नाही, फक्त माझा दंड घट्ट धरला. ऐंशी मीटरहून लांब चौक, मागे जवळजवळ तीस मीटर उंच ताशीव कडा, आणि मध्ये ते देऊळ. कुठून आणून ठेवलेलं नाही, रचलेलं नाही. भोवतालचा कातळ काढून टाकल्यावर जे उरलं ते.

वरच्या मंडपाच्या पायऱ्या आईला झेपणार नाहीत, हे तुम्ही आधीच ओळखलं होतं. त्याचं वाईट वाटू देऊ नका म्हणालात, कारण कैलासाचं खरं वैभव खालच्या चौकात, जोत्याभोवती आहे आणि ते जमिनीवरून बघायचं आहे. घडीचं स्टूल न्यायला सांगितलंत. त्या स्टुलावर बसत बसत आईने पुरी प्रदक्षिणा केली. उत्तरेच्या अंगाला महाभारताचा शिल्पपट, दक्षिणेला रामायणाचा. ते चित्रकथेसारखे थराथराने वाचायचे असतात, एवढं सांगून बाकी तुम्ही आईवर सोडलंत. आणि आईने ते वाचले! हा हनुमान, हे वानर दगड वाहताहेत, हा सेतू. भाची वहीत काढत होती आणि आई सांगत होती. एरवी बाहेर पडल्यावर आईला कोणीतरी काहीतरी समजावून सांगत असतं. त्या दिवशी समजावून सांगणारी तीच होती. गुरुजी, हे तुम्ही ठरवून केलंत का, ते मला माहीत नाही. पण झालं तुमच्यामुळे.

रावणाच्या शिल्पाशी डोळे सरावेपर्यंत उभं राहायला सांगितलं होतंत. ते खोल कोरलेलं आहे, पहिल्या नजरेला काळोखच दिसतो. मग खालून कैलास हलवणारा रावण उमटतो, घाबरून शिवाला बिलगलेली पार्वती, पळत सुटलेली दासी, आणि अंगठ्याने डोंगर दाबून स्वस्थ बसलेला शिव. आम्ही तिथे असताना किती माणसं आली, फोटो काढून गेली. मला त्यांना थांबवून तुमचं वाक्य सांगावंसं वाटत होतं. काळोखात थोडा वेळ उभं राहण्याला ना तिकीट लागतं ना वाटाड्या.

हत्तींना हात लावायचा मोह भाचीला झाला. तुम्ही तिला फोनवरच सांगून ठेवलं होतं की हाताचा घाम आणि तेल दगडाला लागतं, हजारो हात लागले की धार बोथट होते. तिने हात मागे घेतला आणि शेजारच्या एका मुलालाही सांगितलं.

आदल्या रात्री तुम्ही आईला कोकासाची गोष्ट सांगितलीत ती मी ऐकत होते. राजा आजारी, राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. कोणी म्हणे वर्षं लागतील. पैठणचा कोकास नावाचा शिल्पी पुढे झाला आणि शिखरापासूनच कोरायला घेतलं, म्हणून राणीला आठवड्यात शिखर दिसलं. गोष्ट संपल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, ही कथा आहे, इतिहास वेगळा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, इसवी सनाचं आठवं शतक. कर्क राजाच्या वडोदऱ्याच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे, आणि ते घडवणारा शिल्पीच ते बघून आपण हे कसं केलं म्हणून चकित होतो, असं त्यात म्हटलंय. दोन्ही सांगितलंत आणि दोन्हींची जागा वेगळी ठेवलीत. कथेला खोटं म्हणून झिडकारलं नाहीत, इतिहासाच्या पाटावरही बसवलं नाहीत. वरून खाली कोरत आले हे मात्र दोन्हीकडे खरं. ते कळल्यावर प्रत्येक मूर्तीकडे बघताना अंगावर काटा येत होता. एक कोपरा चुकून तुटला की तिथे नवा दगड बसवायची सोय नाही. खालच्या हत्तीची सोंड कुठे येणार हे वर शिखरावर काम चालू असतानाच ठरलेलं असणार.

शेवटी आईला बागेत बसवून आम्ही दोघी शेजारच्या टेकडीवरून खाली बघून आलो. मंडपाच्या छतावरचं ते कमळ आणि त्यावरचे चार सिंह. भाचीने घाईघाईने रेखाटलं आणि खाली येऊन आजीला दाखवलं. त्या चित्रात सिंह मांजरांसारखे आले आहेत, पण आईने ते फोटोंपेक्षा जपून ठेवलंय.

मंगळवारी सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. तिथली रांग, फोन बाहेर ठेवायचा नियम, पुरुषांनी गाभाऱ्यात उघड्या अंगाने जायचं, सगळं तुम्ही लिहून दिल्याप्रमाणे. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ म्हणून आई तिथे जरा जास्तच रेंगाळली. मग थेट पुण्याची वाट धरली. गाडीत आई झोपली नाही, बोलत होती.

गुरुजी, तुम्ही आयुष्यभर मुलांना हे लेणं दाखवलंत. त्या मुलांपैकी कोणी तुम्हाला पत्र लिहिलं का, मला ठाऊक नाही. लिहिलं नसेल तर त्यांच्याही वतीने हे समजा. तुमच्या नकाशाच्या प्रती मी काढल्या आहेत. माझ्या कार्यालयातल्या एका बाईंचे सासरे काठी घेऊन चालतात, त्यांना पहिली दिली. त्यावर तुमचं नाव घालू का, हे मात्र विचारायचं राहिलं. तुमची परवानगी असेल तरच घालीन.

आणि भाचीचा एक प्रश्न आहे. एवढा कातळ फोडून बाहेर काढला, तो सगळा गेला कुठे? मी तिला म्हटलं, गुरुजींनाच विचार. ती तुम्हाला वेगळं पत्र लिहिणार आहे, सोबत प्रश्नांची यादी असेल. सवडीने उत्तर द्यावं.

आईचा नमस्कार. गुडघा ठीक आहे.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक वाटसरू