बोर्ड रंगवायच्या आधी नावाची मंजुरी घ्या

संपादक महोदय,
मी आणि माझी मैत्रीण दोघी सीए, सांगलीत विश्रामबागला गाळा घेतला, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढायचं ठरलं आणि एका एजंटने नाव मिळतंयच म्हणून सांगितलं तर आम्ही बोर्डसुद्धा रंगवून घेतला, तो आता कपाटामागे उभा आहे, कारण ते नाव मिळालंच नाही. आपल्यासारख्या सनद लागणाऱ्या धंद्यात आधी सीए इन्स्टिट्यूटची मंजुरी लागते, मगच केंद्राचं कंपनी व्यवहार खातं नाव राखून ठेवतं, तेही ९० दिवस. नावाच्या शेवटी एलएलपी किंवा त्याचं पूर्ण रूप लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप हवंच, २००८ चा एलएलपी कायदाच आहे तसा, आणि भागीदार किमान दोन. हे एवढं आधी कुणी सांगत नाही हो! नव्याने सीए झालेल्या पोरापोरींसाठी याचं एखादं शिबिर सांगलीतच घ्या, दरवेळी पुण्याला हेलपाटे मारणं परवडत नाही.
– एक वाचक, सांगली