पाडण्याआधी दरजा तपासा

संपादक महोदय,

छोट्या शहरांच्या मुख्य पेठेतल्या जुन्या व्यापारी इमारतींविषयी आपल्या दैनिकात आलेली पत्रं वाचली. 'इमारत जीर्ण झाली, आता पाडलेलीच बरी' हा बहुतेकांचा सूर. ती जीर्ण कशानं झाली, हे मात्र कुणी विचारत नाही.

जुन्या विटांच्या भिंतीतल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या असतात. चुना विटेहून मऊ. भिंतीत शिरलेली ओल दरजांतून बाहेर पडते, भिंत थोडीफार हलली तर चुना ते सोसतो, आणि झिजायची वेळ आली तर तोच झिजतो; वीट शाबूत राहते. झिजलेल्या दरजा पुन्हा चुन्यानं भरल्या की भागतं. त्याच दरजा 'मजबुती'साठी सिमेंटनं भरल्या की ओलीची वाट अडते. मग ती विटेतूनच बाहेर येते, येताना क्षार आणते. लोणा लागतो, पोपडे सुटतात. थंड प्रदेशात तेच पाणी विटेत गोठतं आणि विटेचा दर्शनी थर उडवतं. अशा भिंतीजवळ जाऊन पाहावं: सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा, आणि त्यांच्या मधल्या विटा खोलगट झालेल्या. दोष वयाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. (वाळूचा फवारा मारून वीट 'स्वच्छ' करणं हाही याच जातीचा उद्योग. भट्टीत तयार झालेली विटेची कडक साल त्यात निघून जाते.)

दुसरं दुखणं वरच्या मजल्याचं. खाली दुकान चालू, वर कुलूप. छत गळतं वर आणि मालक बसतो खाली गल्ल्यावर. ओल तुळयांपर्यंत पोचली तरी पत्ता नसतो.

मालकालाच धारेवर धरणं मला पटत नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी सहजी मिळत नाही, सिमेंटवाला मात्र उद्या सकाळी हजर. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या शहरांत 'मेन स्ट्रीट' प्रकल्प सुरू केला, तो इमारतींबरोबर त्यांतल्या धंद्यांनाही हात देण्यासाठी. आज तिथे ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाला केंद्रीय प्राप्तिकरातून वजा करता येते. अट अशी, की दुरुस्ती ठरलेल्या निकषांत बसली पाहिजे. पैशाची ही अट मला भाषणांपेक्षा जास्त कामाची वाटते.

तोवर निदान एवढं व्हावं: पाडकामाला परवानगी देण्याआधीच्या पाहणी अहवालात आधीची दुरुस्ती कधी आणि कशानं झाली, याचा एक रकाना असावा. सिमेंट काढून चुना भरायला किती खर्च येईल, तेही तिथेच लिहावं. आणि ते काढताना ग्राइंडर घाईघाईनं फिरवू नये. विटांच्या कडा जातात, त्या परत येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता